आठव्या दिवशीची फेरी : महाराष्ट्रातील सार्वजनिक लसीकरण सेवेची वाटचाल

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शाळा, रस्ते, विहिरी, दवाखाने अशी अनेक कामे त्यांच्या पदरात पडली. त्यांतल्या लस टोचण्याच्या कामाला तेव्हाच दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा होती. पेशवाई, कंपनी सरकार, राणीचे राज्य, लोकल बोर्ड, नगरपालिका आणि स्वतंत्र भारत अशा सर्व राजवटी या सेवेने पाहिल्या. हा वृत्तान्त लिहिताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. शोध प्रयोगशाळेत लागले, कायदे राजधानीत झाले, पण लस बाळाच्या दंडापर्यंत पोहोचवली ती गावोगाव पायी फिरणाऱ्या माणसांनी. त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. हा इतिहास मुख्यतः त्यांचा आहे.

१८०० ते १८१० : बसऱ्याहून मुंबईला

एडवर्ड जेन्नर यांनी १७९८ साली गोस्तन देवीच्या लशीवरील पुस्तक प्रसिद्ध केले. ती लस हिंदुस्थानात आणायला आणखी चार वर्षे गेली, कारण इंग्लंडहून निघालेली लस लांबच्या सागरी प्रवासात निकामी होत असे. अखेर व्हिएन्नाचे डॉक्टर जाँ द कारो यांनी पाठवलेली लस कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादला आणि तिथून बसऱ्याला गेली. बसऱ्याहून ती जहाजाने मुंबईत आली. १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि तिच्या दंडावर फोड उठला. पुढच्या आठवड्यात त्या फोडातली लस घेऊन आणखी पाच मुलांना टोचले. डॉ. हेलेनस स्कॉट यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कामातून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास आणि सिंहलद्वीप इथे लस गेली.

पुण्यात तेव्हा दुसरे बाजीराव पेशवे गादीवर होते. रेसिडेन्सीचे डॉक्टर थॉमस कोट्स यांनी पेशव्यांच्या मुलखात लस टोचण्याचे काम हाती घेतले. पुण्याजवळच्या लोणी गावाचा त्यांनी लिहिलेला बारकाईचा वृत्तान्त अभ्यासक आजही वाचतात. गाव समजून घेणारा माणूसच गावात लस टोचू शकतो, हे त्यांच्या कामावरून दिसते.

ही लस ज्या रोगावर होती ती देवी लोकांच्या मनात केवळ व्याधी नव्हती, ती घरी आलेली आई होती. या आईची, म्हणजे शीतलादेवीची, देवळे मुंबईत माहीमला आहेत, पालघरजवळ केळव्याला आहेत. आजारी मुलाजवळ कडुलिंबाचा पाला ठेवायचा, घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्याने बोलायचे नाही, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. अशा घरात लस घेऊन जाणाऱ्याला पहिली काही मिनिटे बोलण्यातच घालवावी लागत. हे बोलण्याचे काम कुठल्याही अहवालात मोजले गेले नाही. ते मोजायला हवे होते.

१८२० चे दशक : मुंबई पद्धत

दवाखान्यात बसून लोकांची वाट पाहिली तर लोक येत नाहीत, हे दोन दशकांत स्पष्ट झाले. म्हणून १८२७ च्या सुमारास मुंबई सरकारने वेगळी घडी बसवली. इलाख्याचे विभाग पाडले, प्रत्येक विभागावर एक अधीक्षक नेमला आणि त्याच्या हाताखाली ठरावीक पगारावर देशी टोचणारे दिले. टोचणाऱ्याने गावोगाव फिरायचे आणि अधीक्षकाने मागाहून जाऊन काम तपासायचे. ही घडी पुढे ‘मुंबई पद्धत’ म्हणून ओळखली गेली आणि इतर प्रांतांनी ती उचलली. आजच्या जिल्हा आरोग्य यंत्रणेचा पाया इथे घातला गेला, असे म्हणायला हरकत नाही.

या टोचणाऱ्याचे काम नीट पाहण्यासारखे आहे. लस बाटलीत टिकत नसे, ती बाळाच्या दंडावरच जिवंत राही. एका मुलाला टोचले की आठव्या दिवशी फोड पूर्ण भरे. तेव्हा सुरीच्या टोकाने तो हलकेच उघडायचा आणि आतला स्वच्छ पाण्यासारखा द्रव पुढच्या मुलाच्या दंडावर टोचायचा. फोड पिकून पू झाला, की तो द्रव उपयोगाचा राहत नसे. म्हणून आठव्या दिवशी त्या गावी हजर राहणे टोचणाऱ्याला भागच होते. या फेरीत दोन कामे एकदम होत. टोचलेले लागले की नाही ते तपासायचे आणि पुढच्या गावासाठी लस घ्यायची. दिवस चुकला तर साखळी तुटे, आणि मग दूरच्या ठाण्यावरून लस आणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. पुष्कळदा फोड आलेले मूल आणि त्याची आई यांनाच पुढच्या गावापर्यंत सोबत न्यावे लागे.

आईच्या बाजूने पाहिले तर हा प्रकार सोपा नव्हता. आपल्या तान्ह्याचा दुखरा दंड परक्या मुलासाठी पुन्हा उघडू द्यायचा, हे कोणत्या आईला रुचेल? त्यात दुसऱ्या जातीच्या मुलाची लस आपल्या मुलाच्या अंगात जाणार, ही धास्ती. एकाच्या अंगातला दुसरा रोगही लशीबरोबर जाईल, ही भीती तर डॉक्टरांनाही होती. तरीही टोचणारे फिरत राहिले. कडक उन्हात लस धरत नसे, म्हणून पाऊस सरला की दौरा निघे आणि उन्हाळा तापायच्या आत संपे. चावडीवर पाटलाकडून मुलांची नावे घ्यायची, कोतवालाकडून दवंडी पिटवायची, मग आळीआळीने घरे गाठायची, असा हा क्रम होता.

१८५० आणि १८६० ची दशके : देशी डॉक्टर पुढे येतात

१८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. त्याच तुकडीतले अनंत चंद्रोबा डुकले मात्र फारसे आठवले जात नाहीत. त्यांनी मुंबईतल्या लसटोचणीला आपले आयुष्य दिले. माणसाच्या दंडावरून दंडावर लस नेण्याऐवजी वासराच्या अंगावर ती वाढवून टोचण्याची पद्धत मुंबईत रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि दोन्ही पद्धतींची तुलना करणारा ग्रंथही त्यांनी लिहिला. वासराच्या लशीमुळे आईची मुख्य तक्रार दूर झाली. तिच्या बाळाचा फोड आता कुणासाठी उघडावा लागत नव्हता.

१८६४ मध्ये इलाख्यासाठी आरोग्य आयोग नेमला गेला आणि पुढे सॅनिटरी कमिशनर हे पद आले. टोचणी खाते त्याच्या देखरेखीखाली गेले. मुंबई शहरात १८६५ साली पहिले आरोग्य अधिकारी म्हणून डॉ. थॉमस हेवलेट यांची नेमणूक झाली. तेच पुढे इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर झाले, त्यामुळे शहरातला अनुभव जिल्ह्यांपर्यंत पोहोचला.

१८७० आणि १८८० ची दशके : कायदा, निधी आणि नोंदवही

१८६९ च्या कायद्याने जमीन महसुलाच्या रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर बसला आणि जिल्ह्यात लोकल फंड उभा राहिला. शहरातल्या टोचणाऱ्याचा पगार नगरपालिका देई, खेड्यातल्याचा भार लोकल फंड आणि प्रांत सरकार उचलत. कुणी किती वाटा उचलायचा यावर वेळोवेळी मतभेद झाले आणि पत्रव्यवहारही पुष्कळ झाला. त्याच्या तपशिलात शिरण्याचे इथे कारण नाही. गावातली फेरी चालू राहिली, हे महत्त्वाचे.

१८७७ चा पहिला मुंबई कायदा मुंबई शहरासाठी होता. त्याने मुलांना लस टोचणे सक्तीचे केले आणि देवीच्या रोग्याच्याच अंगातले द्रव्य टोचण्याच्या जुन्या रीतीला बंदी घातली. १८८० चा केंद्रीय कायदा इतर काही प्रांतांच्या नगरपालिकांसाठी आणि लष्करी छावण्यांसाठी होता. नागपूर ज्यात मोडे तो मध्य प्रांत त्यात होता. या कायद्यातले एक कलम आज वाचताना थांबायला होते. असुरक्षित मुलगा १४ वर्षांचा होईपर्यंत कायद्याच्या कक्षेत राही, मुलगी मात्र ८ वर्षांपर्यंतच. त्यापुढची मुलगी सासरची आणि पडद्याआडची, तिच्या दंडाला परक्या पुरुषाने हात लावायचा नाही, ही समजूत कायद्यानेही गृहीत धरली होती. नर्सबाई येईपर्यंत ही उणीव राहिली.

ग्रामीण भागासाठी १८९२ चा जिल्हा लसटोचणी कायदा झाला. तो सरसकट नव्हता. सरकार जाहीर करील त्या भागालाच तो लागू होई.

कायद्यांपेक्षा नोंदवहीने अधिक काम केले, असे या लेखाचे मत आहे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ मध्ये लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि सार्वजनिक लसटोचणी हे बोर्डांच्या कामांपैकी एक ठरले. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही ते कर्तव्य म्हणून लिहिले आहे. याच काळात जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली जिल्ह्याजिल्ह्याची गॅझेटियरे निघाली. त्यांतल्या आरोग्याच्या प्रकरणाशेवटी टोचणीचा छोटा तक्ता आढळतो. किती मुलगे, किती मुली, हिंदू किती, मुसलमान किती, ख्रिस्ती किती, एक वर्षाखालचे किती, वरचे किती, असे त्याचे रकाने असत. ते भरायला कुणीतरी दिवसभराच्या चालीनंतर कंदिलाच्या उजेडात बसला असेल. पाटील-कुलकर्ण्यांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीशी ही यादी पडताळली, की कोणते मूल राहिले ते कळे.

१८९६ ते १९०७ : प्लेगची कसोटी

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत, मोजक्या मदतनिसांना हाताशी धरून, त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वेच्छेने पुढे आले. आगाखान तिसरे यांनी स्वतः लस घेऊन आपल्या अनुयायांसमोर उदाहरण ठेवले आणि प्रयोगशाळेला जागाही दिली. १० ऑगस्ट १८९९ रोजी ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते.

पण प्लेगच्या बंदोबस्ताने लोक दुखावले होते. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण सर्वांना ठाऊक आहे. लस आणि जुलूम हे लोकांच्या मनात एकत्र झाले आणि त्याची किंमत टोचणाऱ्यांना मोजावी लागली. याउलट हुबळीत, जे तेव्हा मुंबई इलाख्यात होते, १८९८ मध्ये शहरातल्या बहुसंख्य लोकांनी लस घेतली. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वस्तीवस्तीत केलेल्या कामाचे ते फळ होते.

पंजाबातल्या मुल्कोवाल गावी ऑक्टोबर १९०२ मध्ये लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना दूर व्हावे लागले. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी उघडपणे त्यांची बाजू घेतली आणि दोष बाटली उघडण्याच्या जागी झाला होता, हे मान्य झाले. चिमटा निर्जंतुक न करता वापरला गेला होता. सुईबरोबर चिमटाही उकळलेला हवा, हा धडा प्रत्येक लसटोचकाच्या शिक्षणात शिरला.

१९१० ते १९५० : बोर्डाचा लसटोचक

या चार दशकांबद्दल थोडक्यात लिहावे लागेल, कारण काम संथ आणि सातत्याचे होते. काचेच्या बारीक नळ्यांत भरलेली ग्लिसरीनमिश्रित लस आता पोस्टाने तालुक्यापर्यंत जाऊ लागली. मुंबई इलाख्याला ती बेळगावच्या लस संस्थेतून मिळे. १९१९ च्या सुधारणांनी आरोग्य हे खाते निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आले आणि १९२३ च्या कायद्याने लोकल बोर्डांना अधिक अधिकार मिळाले. बोर्डाच्या बैठकीत शेतकरी, वकील, शिक्षक सभासद लसटोचकांच्या दौऱ्यांविषयी प्रश्न विचारू लागले.

हत्यार होते फिरती सुरी, म्हणजे दांड्याच्या टोकाला बारीक दातांची चकती. लशीचा थेंब दंडावर ठेवायचा, चकती दाबायची आणि फिरवायची. मुले किंचाळत. त्या पिढीच्या दंडावरचे रुपयाएवढे गोल व्रण आजही आजी-आजोबांच्या अंगावर दिसतात.

आषाढीच्या पंढरपूरची धास्ती वेगळीच होती. लाखो वारकरी, चंद्रभागेचे पाणी आणि पटकी. वारीच्या वाटेवर कॉलऱ्याची लस टोचण्याची ठाणी उभारली जात. टाळ गळ्यात अडकवून, बाही वर सारून रांगेत उभे राहिलेले वारकरी हा स्थानिक आरोग्यसेवेचा वार्षिक सराव होता.

१९४६ च्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली. १९४८ मध्ये मद्रासजवळ गिंडी इथे बीसीजीची प्रयोगशाळा निघाली आणि १९५१ पासून देशभर बीसीजीची मोहीम चालू झाली. देवीशिवाय दुसरी लसही गावोगाव नेता येते, हे या मोहिमेने दाखवले.

१९६० चे दशक : जिल्हा परिषदेच्या हाती

१९६२ हे दुहेरी आरंभाचे वर्ष ठरले. मे महिन्यात जिल्हा परिषदा आल्या आणि त्याच वर्षी राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. साऱ्या लोकसंख्येला तीन वर्षांत टोचायचे, असे लक्ष्य होते. लोकल बोर्डांकडचे लसटोचक नव्या परिषदांच्या सेवेत आले. सेवाज्येष्ठता, वेतनश्रेणी, बदल्या असे काही प्रश्न संक्रमणकाळात उभे राहिले आणि यथावकाश मार्गी लागले.

आकडे वाढत होते, पण देवी हटत नव्हती. कारण शाळेतल्या मुलांना पुन्हा पुन्हा टोचले जाई आणि रानातल्या, वाडीवरच्या, पालातल्या मुलांपर्यंत कुणी पोहोचत नसे. द्रवरूप लस उन्हात मरे. पुढे गोठवून वाळवलेली लस आली. ती आधी सोव्हिएत रशियाकडून मिळाली, नंतर बेळगाव, गिंडी, हैदराबाद आणि पटवाडांगर इथल्या संस्थांत बनू लागली. पाठोपाठ दुकाट्याची सुई आली. तिच्या दोन टोकांच्या बेचक्यात लशीचा अचूक थेंब धरला जाई, १५ वेळा टोचले की काम होई आणि एका कुपीत पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक माणसे होत. फिरती सुरी कपाटात गेली.

१९७० चे दशक : देवीचा शेवट

१९७३ पासून धोरण बदलले. सर्वांना टोचत बसण्याऐवजी रुग्ण शोधायचा आणि त्याच्याभोवतीची घरे टोचून साथ कोंडायची. देवीने भरलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड हातात घेऊन कर्मचारी घरोघर, बाजारात, शाळेत विचारत, “असे कुणी पाहिलेत का?” खबर देणाऱ्याला बक्षीस होते, ते वाढत वाढत १००० रुपयांपर्यंत गेले. भारतातला शेवटचा रुग्ण २४ मे १९७५ रोजी आसामात सापडला आणि एप्रिल १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने देश देवीमुक्त ठरवला. शोध मात्र मधली दोन वर्षे चालूच होता. रुग्ण नाही, हे सिद्ध करण्यासाठी जिल्हा परिषदांच्या कर्मचाऱ्यांनी तेवढीच पायपीट केली.

याच सुमारास कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या शिफारशींनुसार लसटोचक, हिवताप कर्मचारी आदींना एकत्र करून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी हे पद झाले. ‘लसटोचक’ हे नाव सरकारी कागदांवरून गेले, तरी गावाने कित्येक वर्षे त्यांना ‘देवी डॉक्टर’च म्हटले.

१९८० आणि १९९० ची दशके : शीतसाखळी आणि दोन थेंब

१९७८ मध्ये विस्तारित लसीकरण कार्यक्रम आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ आणि गोवर या रोगांवरच्या लशी उपकेंद्रात आल्या. सेवेचा भार आता मुख्यतः नर्सबाईंच्या खांद्यावर होता. त्यांच्यामुळे मागच्या शतकात बंद राहिलेली दारे उघडली. गरोदर बाईला धनुर्वाताची लस द्यायला आता घरातली वडीलधारी बाईच तिला पुढे आणी.

लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवायची असते. वीज जाई, रस्ते कच्चे, तरी बर्फाच्या पेटीतून ती वाडीवर जाई. आरोग्य केंद्रातल्या शीतपेटीचे तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत लिहायचे, हा नियम तेव्हापासूनचा.

१९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ आला. अंगणवाडी सेविका, शिक्षक, ग्रामसेवक, तरुण मंडळे सगळी बूथवर उतरली. डाव्या हाताच्या करंगळीवर शाईची खूण आणि दारावर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’. ‘एक्स’ म्हणजे मूल राहिले, तिथे पुन्हा जायचे. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

२०२० चे दशक : कोविड आणि आजचे काम

१६ जानेवारी २०२१ रोजी कोविडचे लसीकरण सुरू झाले. बाळांना टोचणाऱ्या हातांना आता प्रौढांच्या रांगा सांभाळायच्या होत्या. कोविशील्डच्या दोन मात्रांतले अंतर आधी २८ दिवसांचे होते, ते वाढत १२ ते १६ आठवड्यांचे झाले आणि दुसऱ्या मात्रेसाठी लोकांना परत आणणे हेच मोठे काम होऊन बसले. नोव्हेंबर २०२१ च्या ‘हर घर दस्तक’ मोहिमेत आशा सेविका याद्या घेऊन पुन्हा दारोदार गेल्या.

नियमित काम त्याच्याही पलीकडे चालूच आहे. पंचगुणी लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर, दुसरी सोळाव्यानंतर. प्रत्येक सत्राआधी आशा सेविका गावातल्या येऊ घातलेल्या आणि चुकलेल्या बाळांची यादी करते. सूक्ष्म आराखड्यात वीटभट्ट्या, बांधकामाची ठिकाणे आणि ऊसतोड मजुरांच्या राहुट्या वेगळ्या नोंदलेल्या असतात. बीड, अहिल्यानगरकडची कुटुंबे दिवाळीनंतर साखरपट्ट्यात निघतात, तेव्हा तान्ह्या बाळाचे माता-बाल संरक्षण कार्ड आईच्या बोचक्यात जाते. कारखान्याच्या हद्दीतल्या उपकेंद्राची नर्सबाई त्या कार्डावरून कोणती मात्रा राहिली ते पाहते, देते, तारीख लिहिते आणि पुढची तारीख आईला दोनदा सांगते. गळीत हंगाम संपून ही कुटुंबे परतली, की गावची आशा सेविका ते कार्ड मागून घेते आणि आपल्या नोंदवहीत त्या नोंदी उतरवते.